केस गळण्याआधीचे तीन महिने

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर शेगावही आहे आणि रायपूरही. रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी इथल्या मराठी घरांतली माणसं गजानन महाराजांच्या दर्शनाला याच मार्गानं जातात. २०२४ साल सरता सरता त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातमी आली, की लोकांना अचानक टक्कल पडतंय. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत डोकं मोकळं. बाया, पुरुष, कॉलेजातल्या मुली, कुणीही सुटलं नाही. बघता बघता अठरा गावांतल्या बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या घरात गेली.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणं साहजिक होतं. हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, इथल्या विहिरी-बोअरचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट. पाण्यात नायट्रेट जास्त सापडलं, पण तेवढ्यानं तीन दिवसांत टक्कल पडत नाही. बुरशीचा संशय आला, शाम्पूचा आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आणि एम्सची पथकं येऊन रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे सगळे नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या उपचारासाठी देशभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही त्या गावांत गेले. त्यांनी रक्त, लघवी आणि केसांबरोबर घरातला रेशनचा गहूही तपासून घेतला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी जे सांगितलं त्याचा गाभा असा : रुग्णांच्या रक्तात सेलेनियम पस्तीसपट, लघवीत साठपट आणि केसांत दीडशेपट वाढलेलं होतं, गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम होतं, आणि याच रुग्णांच्या शरीरात जस्त मात्र फारच कमी होतं. गव्हाच्या पोत्यांवरून तो पंजाबकडचा असल्याचंही ते म्हणाले.

हा आकडा ताटात काय करतो ते पाहू. दिवसाला दीडशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात अशा गव्हातून जवळपास २,२०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं पन्नासेक मायक्रोग्रॅम, आणि ४०० च्या पुढे ते रोज घेणं धोक्याचं मानतात. केसातल्या केराटिन या प्रथिनाला बळकटी येते ती गंधकाच्या साखळ्यांमुळे. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाच्या इतकं जवळचं आहे, की जास्त झालं तर ते गंधकाची जागा घेतं. मग केस मुळाशीच कमजोर होऊन तुटतो आणि नखंही सुटतात. काही महिन्यांनी याच गावांतून नखं गळाल्याच्या बातम्या आल्याच. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात सेलेनियमयुक्त जमिनीवरच्या गावांत, आणि चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, माणसांच्या केसा-नखांची हीच गत झालेली वैद्यकीय नोंदींत आहे.

जीवनसत्त्वांच्या कमतरतेवर लिहिताना शेगावपासून सुरुवात केली, कारण केस गळू लागले की आपण एकच गोष्ट गृहीत धरतो : काहीतरी कमी पडतंय, तेव्हा काहीतरी घ्यायला हवं. मेडिकलच्या काउंटरवर ‘केसांसाठी एखादी व्हिटॅमिनची गोळी द्या’ असं म्हटलं की पट्टी मिळते. माझं म्हणणं असं, की कमतरता खरी असते, तिच्यामुळे केस गळतात हेही खरं, पण ती कोणती हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि न तपासता घेतलेल्या गोळीमुळे केस गळू शकतात, हे त्याहून कमी लोकांना माहीत आहे.

केसाचं आयुष्य समजलं की बाकीचं सोपं होतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या मुळाच्या पिशवीत दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ बंद पडते, आणि पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता जागच्या जागी बसून राहतो. त्यानंतर गळतो आणि त्याच पिशवीतून नवा उगवतो. कुठल्याही दिवशी शंभरातले दहा-एक केस या विश्रांतीत असतात. एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार, आणि विश्रांती शंभरेक दिवसांची. म्हणजे रोज शंभरेक केस गळणार, आणि ते गळायलाच हवेत. लांब केसांच्या बाईच्या कंगव्यात हे शंभर केस भलामोठा गुंतवळ वाटतात, आखूड केसांच्या पुरुषाला ते दिसतही नाहीत.

गुंतवळातला एक केस उजेडात धरून त्याचं टोक पाहा. टोकाला खसखशीहून लहान, पांढरट, घट्ट गाठ असेल तर तो केस आपली विश्रांती पुरी करून मुळासकट गळला आहे. गाठ नसेल, टोक नुसतं तुटलेलं किंवा फाटलेलं असेल, तर तो मधूनच तुटला : स्ट्रेटनिंग, रंग, ओल्या केसांवर जोरात फिरवलेला कंगवा, घट्ट बांधलेली वेणी. तुटणाऱ्या केसाला जीवनसत्त्वाची गोळी देऊन उपयोग नसतो. त्वचारोगतज्ज्ञ आणखी एक साधी परीक्षा करतात. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढतात. सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती नेहमीपेक्षा जास्त आहे.

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगानं विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. पेशी विभागायची तर नवं डीएनए घडवावं लागतं. त्यासाठी लोह, जस्त, फोलेट, बी-१२ आणि प्रथिनं लागतात. पण केस गेले म्हणून माणूस मरत नाही. हातात पैसा कमी असला की संसार दाणागोटा आधी भरतो आणि भिंतींचा चुना पुढच्या दिवाळीवर टाकतो, तसं शरीर हृदय, मेंदू, रक्त यांना आधी पुरवतं आणि केसांना शेवटी. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्यानं वजन उतरवणारं डाएट, रक्तातलं लोह संपणं, यांपैकी काहीही झालं की वाढीत असलेल्या केसांपैकी खूपसे एकदमच विश्रांतीत जातात. ते गळतात मात्र त्या दिवशी नाही, दोन-तीन महिन्यांनी. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं.

हे तीन महिने लक्षात न घेतल्यानं सगळा घोटाळा होतो. पावसाळ्यात डेंगी किंवा टायफॉइड होतो, माणूस बरा होतो, कामाला लागतो, आणि दिवाळीच्या सुमारास मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागतात. तो दोष देतो गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला किंवा बोअरच्या पाण्याला. बाळ हसायला लागलं की बाळंतिणीचे केस गळतात, असं आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या. त्यांचा हिशोब चोख आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढीतच राहतात, बाळंतपणानंतर ती संप्रेरकं उतरतात आणि तीनेक महिन्यांनी राहिलेले सगळे केस एकदम गळतात. बाळ साधारण तेव्हाच खुदकन हसू लागलेलं असतं. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर ‘आज काय खाता’ याआधी ‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं’ हा प्रश्न यायला हवा, आणि डॉक्टरांनी नाही विचारला तर आपणच सांगायला हवं.

शेगावची गळती याहून वेगळी होती. पोषणाच्या कमतरतेमुळे केस हळूहळू आणि सगळ्या डोक्यावर सारखेच विरळ होतात, तीन दिवसांत टक्कल पडत नाही. इतक्या झपाट्यानं केस जातात तेव्हा कारण विषबाधेसारखं काही असतं. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, शरीराच्या प्रतिकारशक्तीनं आपल्याच केसांवर केलेला हल्ला. पुरुषांचे कपाळावरचे कोपरे मागे सरकणं आणि बायकांचा भांग वर्षानुवर्षं रुंदावत जाणं बहुतेकदा आनुवंशिक असतं. यापैकी कशालाही पालकाची भाजी खाऊन उतार पडत नाही, आणि ‘तुम्ही नीट खात नाही म्हणून केस गेले’ असं अशा माणसाला ऐकवणं अन्यायाचं आहे.

आता एकेक कमतरता. पहिलं नाव जीवनसत्त्वाचं नाहीच, ते लोहाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, छत्तीसगढमधल्या १५ ते ४९ वयाच्या ६०.८ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४७ टक्के होतं. महाराष्ट्रही फार पुढे नाही, तिथे ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं अनेक असली तरी त्यांत लोहाची कमतरता मोठी आहे. आणि केसांच्या बाबतीत हिमोग्लोबिन उतरण्याआधीच घंटा वाजलेली असते. शरीरात साठवलेलं लोह फेरिटिनच्या रूपात असतं. आधी ते कोठार रिकामं होतं, मग हिमोग्लोबिन घसरतं. मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन बारा असतं, घरचे म्हणतात ‘रक्त तर चांगलं आहे’, पण फेरिटिन दहावर आलेलं असतं आणि केस विरळ होत असतात. केसांसाठी फेरिटिन नेमकं किती हवं यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पंधराच्या खाली कमतरता नक्की, तीसच्या खाली बहुतेक जण उपचार करतात, काही त्वचारोगतज्ज्ञ चाळीसच्या वर नेऊ पाहतात. एक खबरदारी : ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. आजारातून उठल्या उठल्या केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

बी-१२ ची गोष्ट मराठी घरांच्या फार जवळची आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच ते मिळतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी होतं. खेड्यातल्यांत ६८ टक्के, झोपडवस्तीत ५१ टक्के, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. ज्यांना आपण खाऊनपिऊन सुखी म्हणतो त्यांचीच कमतरता सर्वांत जास्त निघाली. दिवसातून दोन कप चहात पडणारं दूध ही गरज भागवत नाही. बी-१२ कमी असलं की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसराळूपणा वाढतो, केस अकाली पांढरे होण्याशीही त्याचा संबंध आढळतो. केसगळतीशी त्याचा संबंध मात्र अभ्यासांतून लोहाइतका पक्का झालेला नाही. तरीही शाकाहारी माणसानं ही तपासणी करावीच असं मी म्हणेन, कारण मज्जातंतूंची हानी केसांहून कितीतरी महत्त्वाची आहे, आणि ती वेळ गेल्यावर भरून येत नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाचा केसांच्या मुळाशी थेट संबंध आहे हे एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावरून कळलं. ज्या मुलांच्या पेशींत ‘ड’ ओळखणारा ग्राहक रेणूच बिघडलेला असतो, त्यांना मुडदूस होतो आणि त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर केसच टिकत नाहीत. चाई आणि टेलोजेन एफ्लुव्हियमच्या रुग्णांतही ‘ड’ कमी आढळतं. पण ते भरून काढलं की केस परत येतातच, असा भक्कम पुरावा नाही. रायपूरच्या उन्हात राहून ‘ड’ कसं कमी पडतं असं विचारणाऱ्यांनी एप्रिल-मे मधला आपला दिवस आठवावा : पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बाहेर पडायचं तर डोक्याला गमछा, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे. नाहीतर कूलरसमोर, खिडक्या बंद करून.

जस्ताकडे आपलं लक्ष कमी जातं, म्हणून त्यावर जरा थांबतो. माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच १९६० पर्यंत वैद्यकशास्त्र मानत नव्हतं. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझ इथे काम करत असताना त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. तो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता, वयात आलेला नव्हता, अंगावर लव नव्हती. त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः कोंड्यासकट पिठाची रोटी, आणि त्याला माती खायची सवय. धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. प्रसाद यांनी तिथे आणि पुढे इजिप्तमध्ये काम करून माणसातली जस्ताची कमतरता सिद्ध केली. नंतर अमेरिकेत डेट्रॉइटला त्यांनी दाखवून दिलं की सिकलसेलच्या रुग्णांच्या शरीरातही जस्त कमी असतं. छत्तीसगढसाठी ही साधी माहिती नाही. हा प्रदेश भातावर जगतो, भातात जस्त मुळातच थोडं, आणि सिकलसेलचे रुग्ण इथे खूप. जस्त फार कमी झालं तर केस विरळ आणि ठिसूळ होतात, तोंडाच्या कडेला आणि बोटांवर पुरळ येतं, जखमा भरत नाहीत, चव जाते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं ‘छत्तीसगढ झिंक राइस-१’ हे जस्तयुक्त भाताचं वाण काढलं, त्यामागे हाच विचार आहे. साध्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोला बारा ते सोळा मिलिग्रॅम जस्त असतं, अशा वाणांत ते वीसच्या पुढे जातं. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात नव्हे, भाताच्या बांधीत सुरू होणारा हा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

आता बायोटिन, म्हणजे केसांसाठी सर्वांत जास्त विकली जाणारी गोळी. तिची ख्याती खोट्यावर उभी नाही, पण अर्ध्या सत्यावर उभी आहे. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्च्या अंड्याचा वाळवलेला पांढरा बलक खाऊ घातला. उंदरांची कातडी सोलवटली आणि केस झडले. कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला घट्ट धरून ठेवतं, हे पुढे कळलं. उकडलं की ॲव्हिडिनचा जोर जातो. म्हणजे बायोटिन कमी पडलं तर केस जातात, हे अगदी खरं. प्रश्न असा, की कमी पडतं कुणाला? जन्मजात दोष असलेल्या अर्भकांना, फिटवरची काही औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना, आणि व्यायामशाळेतून येऊन महिनोन्‌महिने कच्ची अंडी पिणाऱ्यांना. शेंगदाणे, डाळी, शिजवलेली अंडी खाणाऱ्या सर्वसाधारण माणसाला ते कमी पडत नाही. २०१७ साली एका समीक्षेत बायोटिनमुळे केस किंवा नखं सुधारल्याच्या नोंदी शोधल्या गेल्या. सगळ्या वैद्यकीय साहित्यात मिळून अठरा रुग्ण सापडले, आणि त्या प्रत्येकाला मुळात बायोटिनशी जोडलेला किंवा नखा-केसांचा आजार होता.

दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम, आणि गोळी दहा हजार मायक्रोग्रॅमची. जास्तीचं लघवीतून निघून जातं म्हणून नुकसान नाही, असं सांगतात. नुकसान आहे. अनेक प्रयोगशाळांतली यंत्रं रक्त तपासताना बायोटिनचाच वापर करतात, आणि रक्तात ते भरपूर असलं की निकाल चुकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल इशारा दिला. हृदयविकाराचं निदान करणारी ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी आल्यानं एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात आहे. थायरॉइडची तपासणीही अशीच बिघडते, आणि केसगळतीत पहिल्यांदा सांगितली जाते ती थायरॉइडचीच तपासणी. केसांसाठी बायोटिन घेणारी बाई केसांसाठी थायरॉइड तपासते, गोळीमुळे निकाल चुकीचा येतो, आणि नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं. तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस ही गोळी बंद ठेवा, आणि घेत असाल तर प्रयोगशाळेला तसं सांगा.

पूरक म्हणून घेतलेल्या सेलेनियमच्या अतिरेकानं टक्कल पडल्याचं उदाहरण शेगावच्याही आधीचं आहे. २००८ साली अमेरिकेत ‘टोटल बॉडी फॉर्म्युला’ नावाचं द्रवरूप पूरक घेणाऱ्या दहा राज्यांतल्या २०१ जणांना सेलेनियमची विषबाधा झाली. बाटलीवर २०० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, आत निघाले ४०,८००. बहुतेकांचे केस गेले. तब्येत सुधारावी म्हणून घेतलेलं औषध होतं ते. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तेच : ते यकृतात साठतं, लघवीतून निघून जात नाही, आणि जास्त झालं की केस गळतात, ओठ फाटतात, यकृत बिघडतं. केसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी पट्ट्यांत ‘अ’, ‘ई’ आणि सेलेनियम ही तिन्ही एकत्र असतात. सोबत मल्टिव्हिटॅमिन सुरू असेल तर बेरीज कुणी करत नाही. पट्टीची मागची बाजू वाचा.

प्रथिनांबद्दल थोडक्यात. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. महिन्याभरात सात-आठ किलो उतरवण्याच्या हट्टानं नुसत्या फळांवर किंवा सूपवर राहणाऱ्या मुलींच्या केसांची गळती तीन महिन्यांनी ठरलेली असते. लग्न ठरल्यावर असं डाएट सुरू होतं आणि गळती ऐन लग्नसराईत येते.

मग ताटाकडे वळू, कारण छत्तीसगढचं ताट याबाबतीत श्रीमंत आहे. रायपूरच्या शास्त्री बाजारात पावसाळा सुरू झाला की ज्या भाज्यांचे ढीग लागतात त्यांची तोड मिळणं अवघड : चरोटा म्हणजे आपला टाकळा, अमारी म्हणजे अंबाडी, लाल भाजी, चेच भाजी, थंडीत चण्याची आणि तिवऱ्याची कोवळी पानं, आणि बारा महिने मुनगा, म्हणजे शेवग्याचा पाला. नागपूरकडून आलेल्या मराठी घरांना मुनगा नवा नाही, पण आपण शेंगा वरणात टाकतो आणि पाला विकणारीपुढून तसेच निघून जातो. त्या पाल्यात लोह, प्रथिनं, फोलेट सगळं आहे. पालेभाजीतलं लोह शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण कमी असतं, हे खरं. लिंबू पिळलं, सोबत आवळा किंवा पेरू खाल्ला की ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते पडतं. दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवावं. बासीला, म्हणजे रात्री पाण्यात घालून आंबवलेल्या भाताला, शहरी घरं गरिबाचं खाणं समजतात. आंबवल्यानं फायटिक आम्ल काही प्रमाणात मोडतं आणि खनिजं शरीराला सोपी होतात. त्याच्यासोबत दही आणि भाजी घेतली तर ती उत्तम न्याहारी आहे.

रेशनवर मिळालेल्या पोषणयुक्त तांदळात थोडेसे पिवळट, धूसर दाणे दिसतात. धुताना काही वर तरंगतात. ‘प्लास्टिकचे’ म्हणून पुष्कळ बायका ते वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून काढलेले ते दाणे आहेत, शंभर दाण्यांमागे साधारण एक. नियमाप्रमाणे अशा किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह आणि पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम बी-१२ असायला हवं. दिवसाला असा तीनशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून बी-१२ च्या गरजेचा सातवा-आठवा हिस्सा मिळतो. आधार म्हणून ठीक, पण सगळी भिस्त त्यावर ठेवता येणार नाही. दाणे वेचले किंवा भाताची पेज ओतून दिली की तोही हिस्सा घटतो.

केस दोन-तीन महिन्यांहून जास्त काळ गळत असतील तर हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि ‘ड’ एवढं पुरेसं असतं. ‘हेअर पॅकेज’ नावाच्या पन्नास तपासण्यांची गरज नाही. कमतरता सापडली आणि भरून निघाली, की गळती थांबायला तीन महिने लागतात, आणि केस महिन्याला एक सेंटीमीटर वाढत असल्यानं आरशात फरक दिसायला सहा महिने ते वर्ष. तिसऱ्या आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून औषध बदलू नका. रायपुरात टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा मेकाहारात, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, त्वचारोगाचा विभाग आहे, तिथे दाखवा.

आणि रायपूरच्या, दुर्ग-भिलाईच्या, तसंच गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या वाचकांना एक कळकळीची विनंती. आपल्या या पट्ट्यात सिकलसेल खूप आहे. त्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते लाल पेशी लवकर मोडतात म्हणून, लोह नाही म्हणून नव्हे. पुन्हापुन्हा रक्त चढवलेलं असेल तर त्याच्या शरीरात लोह उलट साठलेलं असतं, आणि केसांसाठी, अशक्तपणासाठी म्हणून घेतलेली लोहाची गोळी त्याचं यकृत आणि हृदय बिघडवू शकते. सिकलची चाचणी सरकारी दवाखान्यांत होते, रायपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सिकलसेल संस्थेतही होते. घरात ती कुणाचीच झालेली नसेल तर आधी ती करून घ्या, सोबत फेरिटिन पाहा, आणि मगच लोहाची गोळी सुरू करा.